वादन की संगीतशास्त्र? खानापूरच्या एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून आलं आहे. मुलगी पीयूसी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. लहानपणापासून व्हायोलिन शिकते, विशारद झाली आहे. तिला मैफलीत वाजवायचंय आणि संगीतशास्त्रात संशोधनही करायचंय. गुरुजी म्हणतात, शास्त्रात गुंतलीस तर हात जाईल. आजोबा म्हणतात, आधी बीएस्सी कर, मग काय ते संगीत. आई विचारतात, दोन्ही जमेल का, आणि त्यावर पोट भरेल का?

ताई, दोन्ही जमतं. एन. राजम यांच्याकडे बघा. आधी कर्नाटक संगीताचं शिक्षण, मग पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे हिंदुस्थानी संगीताची तालीम. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात अनेक वर्षं अध्यापन, विभागप्रमुखपद, आणि त्याच काळात देशभर मैफली. ओंकारनाथजी गायक होते, हे मुद्दाम लक्षात ठेवा. राजमबाईंचं गायकी अंगाचं, म्हणजे गाण्याच्या चालीने जाणारं वादन त्या तालमीतूनच घडलं. गजाननराव जोशी तर स्वतः गायकही होते आणि व्हायोलिनवादकही.

म्हणून माझा पहिला सल्ला कॉलेजबद्दल नाही, गुरूबद्दल आहे. सध्याचे गुरुजी सोडू नका, पण लेकीला आता गाण्याची तालीम सुरू करून द्या. तुम्ही राहता तो भाग यासाठी भाग्याचा आहे. मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, गंगूबाई हनगल ही सगळी माणसं धारवाड-हुबळीची, आणि कुमार गंधर्वांचा जन्म तर बेळगावजवळच्या सुळेभावीचा. त्या परंपरेत शिकलेले गायक धारवाडात आजही शिकवतात. खानापूर स्टेशनवरून एका दिशेला लोंढा-अळणावरमार्गे धारवाड आहे, दुसऱ्या दिशेला मिरज. बंदिश गळ्यातून आली की व्हायोलिनच्या गजाला (बोला) श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. मुलीला कन्नड येत असणार, त्यामुळे तिथल्या गुरूपुढे बसताना तिला परकं वाटणार नाही. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी आपलं मोठं काम मराठीत लिहून ठेवलंय, तेही ती मूळातून वाचू शकते. दोन्ही भाषा अशा हाताशी असलेले अभ्यासक थोडे असतात.

आता शास्त्राबद्दल. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, पुस्तक काढलं. त्यांच्या श्रुती गळ्यातून दाखवायला मिरजेचे गायक अब्दुल करीम खाँ पुढे आले. गायक आणि शास्त्रकार एकत्र बसले, ते तुमच्यापासून काही तासांच्या अंतरावर. तुमच्या लेकीच्या हातात तर असं वाद्य आहे, ज्याला पडदेच नाहीत. हार्मोनियमवर कोमल गंधाराची पट्टी एकच. पण दरबारी रागाचा गंधार आणि भीमपलास रागाचा गंधार वाजवताना बोट वेगळ्या जागी जातं, वेगळं डोलतं. शुद्ध गंधाराचंही तसंच. षड्जाशी ५:४ या प्रमाणात जुळलेला गंधार सुमारे ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे स्वरांतलं अंतर मोजायचं माप) येतो, हार्मोनियमचा ४०० वर. हा १४ सेंटचा फरक तंबोऱ्यासमोर बसलेल्या कानाला टोचतो. तो फरक ती रोज बोटाखाली अनुभवते. तिने स्वतःचा आलाप ध्वनिमुद्रित करावा, संगणकावर स्वराचा आलेख काढावा आणि बोट नेमकं कुठे गेलं ते वहीत लिहावं. श्रुतींचे तक्ते काढण्यापेक्षा हे मोलाचं आहे, आणि यातूनच उद्या प्रबंधाचा विषय निघेल.

गुरुजींची भीती अर्धी खरी आहे. सतरा ते तेवीस या वयात हाताला दिलेले तास पुढे भरून काढता येत नाहीत. प्रबंध तिशीतही लिहिता येतो. तेव्हा वाचन करावं, पण रियाजाच्या वेळातून नाही.

आजोबांना माझा नमस्कार सांगा, पण बीएस्सीला माझं मत नाही. भौतिकशास्त्र तिला मनापासून आवडत असेल तर गोष्ट वेगळी, ध्वनिशास्त्रासाठी त्याचा उपयोगच होईल. नुसतं 'हातात काहीतरी असावं' म्हणून घेतलं, तर प्रॅक्टिकल आणि जर्नल दिवसाचे तास खाऊन टाकतील. संगीताची पदवी घ्यायची तर धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. दोन्हीकडे आधी एकच विचारा: व्हायोलिन मुख्य विषय म्हणून घेता येतं का, आणि ते शिकवतं कोण? पुष्कळ ठिकाणी गायन, सतार, तबला एवढंच असतं. महाराष्ट्रात प्रवेश घ्यायचा झाला तर पात्रता प्रमाणपत्र आणि मायग्रेशनची कागदपत्रं वेळेत काढा.

पोटाचं स्पष्ट सांगते. पहिली काही वर्षं मैफलीचं मानधन अनियमित आणि थोडं असतं. घर चालतं ते शिकवण्या, साथसंगत आणि पुढे कॉलेजच्या नोकरीवर. एमए, मग यूजीसी-नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, आणि त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. त्याआधी संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. आकाशवाणीच्या ऑडिशनची तयारीही आतापासून ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकपदासाठी कलावंतांची वेगळी वाट आहे. पदवी, नामवंत गुरूकडची तालीम, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'ए' श्रेणी, आणि शास्त्र प्रात्यक्षिकासह समजावून देण्याची क्षमता, एवढं त्यात मागितलं आहे. तुमच्या लेकीला जे दोन्ही हवंय, तेच त्या नियमाने एकत्र मागितलंय.

पीयूसीची परीक्षा संपली की तिला घेऊन धारवाडला जा. व्हायोलिन बरोबर न्या, दोन-तीन गुरूंना ऐकवा आणि ते काय सुधारायला सांगतात ते तिलाच लिहून घेऊ द्या. प्रवेशाचा अर्ज त्यानंतर भरा.