एकट्याचं वरण पातळ नको

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

खानावळ सोडून खोलीवरच करून खायचं ठरवलंस, बरं केलंस. घरून येतात तेवढ्याच पैशांत भाडं, अभ्यासिकेची फी आणि पोट, तिन्ही बसवायचं म्हणजे ओढाताण होणारच. ‘काकू, किराण्यात काय कमी करू?’ असं तू विचारलंस. सदाशिव पेठेत खानावळ चालवताना तुझ्यासारखी किती पोरं जेवून गेली, त्या सगळ्यांकडे बघून सांगते: डाळ आणि कडधान्य सोडून काहीही कमी कर.

हात आखडला की पहिल्यांदा वरण पातळ होतं. एकट्याच्या खोलीत तर वरण शिजतच नाही. नुसता भात, वर लोणचं किंवा मूठभर फरसाण, आणि पोट भरल्यासारखं वाटतं. मग दुपारी पुस्तकावर पेंग येते, पोरगं सारखं सर्दीने बेजार असतं. ऐन परीक्षेच्या तोंडावर आजारी पडलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आयांना काय वाटलं असेल, या विचाराने आजही जीव तुटतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचं मार्गदर्शन काढलं. त्यात दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया असं माप दिलं आहे. महिन्याचं मांडलं तर साडेसात किलो धान्य, अडीच किलो डाळी-कडधान्यं आणि किलोभर शेंगदाणे. वाण्याची यादी याच तीन ओळींनी सुरू कर, बाकीचं उरलेल्या पैशांत. तूर महाग असेल तर तुरीचा हट्ट नको. हरभरा, मसूर, मटकी, चवळी, कशातही शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिनं पुरतात. वाटीभर घट्ट वरण, वाटीभर उसळ, भाकरी, मूठभर दाणे आणि एक अंडं एवढ्यात ती जवळपास भरतात. त्यासाठी पावडरचे डबे आणू नकोस.

एकट्याने करून खाताना खरी अडचण पैशांची कमी आणि दमल्याची जास्त असते. अभ्यासिकेतून रात्री नऊला येशील तेव्हा तयार काहीच नसेल, तर पाय आपोआप वडापावच्या गाडीकडे वळतील. म्हणून खोलीत कायम काहीतरी भिजत पडलेलं असावं. रात्री झोपताना वाटीभर मटकी निवडून, धुऊन भरपूर पाण्यात टाक. सकाळी पाणी काढ, ओल्या फडक्यात सैल बांध आणि पुरचुंडी पातेल्यात झाकून ठेव. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड डोकावतात, थंडीत आणखी एक दिवस लागतो. फडकं सुकलं तर मोड खुंटतात, आणि पाणी तळाशी साचलं तर मटकी चिकट होऊन वास येतो. दोन्हीकडे लक्ष ठेव. वाटीची अडीच-तीन वाट्या मटकी होते. निम्मी कांद्यावर परतून गोडा मसाला घालून उसळ कर, निम्मी दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मीठ घालून वाफव. कच्ची खाऊ नकोस, पोट बिघडतं. वर लिंबू पिळायला विसरू नकोस, कडधान्यातलं लोह त्याने अंगी लागतं. चहा मात्र जेवणाला लागून नको, तासाभराने घे, नाहीतर तेच लोह वाया जातं.

हरभरे आणि छोले भिजवायचे त्या दिवशी दुप्पट भिजव. शिजवलेले फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. फ्रीज नसेल तर एका दिवसापुरतेच.

जोंधळ्याचं पीठ एकदम पाच किलो दळून आणू नकोस. तुझ्या आईच्या घरी दहा माणसं असतात, तिथे ते आठवड्यात संपतं. एकट्याकडे महिनाभर पडून राहिलं की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात आणि मग ‘मला जमतच नाही’ म्हणून तू ब्रेड आणायला लागशील. गिरणीतून दोन किलोच दळून आण. गरम पीठ डब्यात कोंबू नकोस, परातीत पसरून गार होऊ दे. डाळींच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाक. भाकरी जमेपर्यंत त्याच पिठात कांदा, बेसन आणि मेथी घालून धपाटी लाव, तव्यावरच थापायची असल्याने बिघडायला फारसा वाव नाही.

कुकर हवाच, एकट्याला तीन लिटरचा पुष्कळ. तळाला पाणी, खालच्या भांड्यात डाळ, वरच्या भांड्यात तांदूळ, कडेच्या जागेत एक बटाटा. एकाच गॅसवर वरण-भात आणि उद्याची भाजी. वरणाला डाळ मुठीने घे, अंदाजाने पाणी ओतत राहू नकोस.

भाजी मंडईतून संध्याकाळी उशिरा घे. विक्रेत्यांना पालेभाजी परत न्यायची नसते, जुडी कमी भावात मिळते. मेथीची जुडी एकट्याला मोठी होते, म्हणून पहिल्या दिवशी पानांची सुकी भाजी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली पानं, कोवळ्या काड्यांसकट, मूगडाळीत. लाल भोपळ्याची फोड विकत मिळते, ती दोन दिवस पुरते. पावसाळ्यात भाज्या कडाडल्या की उसळी आणि पिठल्यावर भर द्यायचा. फळांत केळं, पेरू, आणि हिवाळ्यात आवळा. सफरचंदाकडे बघूही नकोस.

आता पैशांचं. दिवसाचे दोन कटिंग आणि एक वडापाव धर, साधारण चाळीस रुपये. महिन्याला बाराशे. तेवढ्यात रोजचं एक अंडं, किलोभर शेंगदाणे, महिन्याचं कडधान्य आणि रोजचं पाव लिटर दूध येतं. मित्रांबरोबरचा एक चहा मी तोडायला सांगत नाही. अभ्यासिकेच्या बाहेरची ती दहा मिनिटं तुला हवीत, एकटेपणानेही जेवण जात नाही. वडापाव मात्र भूक लागली म्हणून खातोस. खिशात गूळ-दाण्याची पुडी ठेव.

घरमालकाला शेगडीबद्दल आधी विचार, नंतर कटकट नको. आणि माझ्याकडचा लहान कुकर पडूनच आहे, शिट्टी आणि गॅसकेट नवं घातलंय. रविवारी अकराच्या आत ये आणि घेऊन जा. येताना अर्धा किलो हरभरा डाळ आण, पिठल्याचं पीठ कसं भाजून ठेवायचं ते इथेच दाखवते.

तुझी,
काकू