एल्फिन्स्टन गव्हर्नरांचे वंशज आज कुठे आहेत? अशा ब्रिटिश सरदार घराण्यांची वंशावळ घरबसल्या कशी शोधायची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: औरस वंशज कुणी नाही. दुसऱ्याला जरा वेळ लागेल. पण तुमच्या प्रश्नातच एक गफलत आहे, आणि ती सोडवताना निम्मं उत्तर आपोआप येईल.

मुंबईला एल्फिन्स्टन गव्हर्नर एक नाही, दोन झाले. पहिले माउंटस्टुअर्ट, १८१९ ते १८२७. पेशवाई बुडाल्यावर इथली घडी बसवणारे, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते. दुसरे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६०. प्रभादेवी स्टेशनला २०१८ पर्यंत होतं ते नाव यांचं. मीही आधी दोघांना एकच धरलं होतं. १८२७ ला घरी गेलेला माणूस १८५७ च्या बंडात पुन्हा गव्हर्नर कसा, हे जमेना तेव्हा कुठे ट्यूब पेटली. जॉन हा माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे हे काका-पुतणे. आणि घराणं इंग्रज नव्हे, स्कॉटिश.

आता गंमत बघा. पुतण्या लॉर्ड, काका मात्र जन्मभर नुसता 'ऑनरेबल'. कारण माउंटस्टुअर्ट अकराव्या लॉर्डांचा चौथा मुलगा. आपल्याकडे वतनात सगळ्या भावांचा हिस्सा असायचा, तिथे किताब थोरल्याचा आणि सहसा इस्टेटही त्याचीच. धाकट्यांनी फौज, चर्च नाहीतर कंपनीची चाकरी धरायची. हिंदुस्थानात आलेले बरेचसे 'बड्या घरचे' साहेब हे असे धाकटे होते. त्यामुळे वरच्या पिढीत लॉर्ड आणि तिसऱ्या पिढीत साधा मिस्टर दिसला, तर धागा तुटला असं समजू नका.

काका-पुतणे दोघेही अविवाहित. जॉन १८६० मध्ये वारला. १८५९ मध्ये त्याला मिळालेला नवा किताब त्याच्याबरोबरच संपला, पण १५१० चा जुना स्कॉटिश किताब चुलतभावाकडे गेला. दत्तक वगैरे भानगड नाही. दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा करणाऱ्यांच्या स्वतःच्या किताबाला दत्तक मुलगा आजही चालत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तो चुलतभाऊ 'एल्फिन्स्टन-फ्लीमिंग' असं आडनाव लावत होता, कारण त्याच्या बापाला फ्लीमिंग घराण्याची इस्टेट मिळाली आणि तिच्याबरोबर नावही आलं.

म्हणून माझा पहिला सल्ला: आडनावामागे धावू नका, किताब आणि जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते बघा. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली घ्या, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १७९८ च्या आधीच्या कागदांत 'वेलस्ली' शोधलंत तर हाती फारसं लागणार नाही. तोवर घराणं 'वेस्ली' लिहीत होतं. आणखी मागे गेलात तर वेस्लीही संपतात. आर्थरचा आजा मूळचा रिचर्ड कॉली. १७२८ मध्ये एका वेस्ली नातलगाची आयर्लंडमधली इस्टेट मिळाली आणि त्याने नाव बदललं. आपल्या रास्त्यांचं मूळ आडनाव गोखले, तसंच काहीसं.

सुरुवात बर्क्स पीअरेजपासून करा. १८२६ पासून निघणारा हा घराण्यांचा कुलवृत्तांत आहे. जुन्या आवृत्त्या नेटवर फुकट मिळतात. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा जागोजाग नावापुढे 'डी.एस.पी.' दिसलं. एका घराण्यात एवढे पोलीस अधिकारी? मग कळलं, ते लॅटिनचं लघुरूप आहे: मूलबाळ न होता वारला. पण कुलवृत्तांताचा जो दोष तोच याचाही, माहिती घराण्यांनीच पुरवलेली. आपल्याकडे कुळी सूर्यवंशाला नेऊन भिडवतात, तिकडे १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांना. डेनबीच्या अर्लांचं फील्डिंग घराणं तर स्वतःला थेट हॅब्सबर्ग सम्राटांच्या कुळातलं म्हणवायचं. जे. होरेस राउंड या इतिहासकाराने त्यामागचे दस्तऐवजच बनावट असल्याचं दाखवून दिलं. म्हणून बर्क्समधलं नाव कोकेन यांच्या कम्प्लीट पीअरेजमध्ये ताडून घ्या. त्यात पुरावे दिलेले असतात, आणि तळटीपांमधली कुजकट शेरेबाजी ही वर मिळकत. अडचण एवढीच की तो ग्रंथ किताबधाऱ्यापुरता. धाकटी भावंडं आणि मुली त्यात बहुतेक नसतातच.

त्या सापडतात मृत्युपत्रांत. इस्टेट थोरल्याला आधीच ठरलेली, त्यामुळे मृत्युपत्रात नावं येतात ती धाकट्यांची, मुलींची, जावयांची. विधवा बाईचं मृत्युपत्र मिळालं तर सोनंच. कुठला हार कुठल्या नातीला, इथपर्यंत लिहिलेलं असतं. इंग्लंडमधल्या पैसेवाल्यांची १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रं बहुतांशी कँटरबरीच्या धर्मपीठाच्या न्यायालयात नोंदली गेली. ती आता लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि ऑनलाइन बघता येतात. जोडीला चर्चची बाप्तिस्मा-लग्न-दफनाची रजिस्टरं आहेतच, ती १५३८ पासून ठेवायचा हुकूम निघाला. एल्फिन्स्टनसारखं स्कॉटिश घराणं असेल तर मात्र दप्तर वेगळं, ते एडिंबराला.

आणि ज्याला शोधताय तो इकडे आला असेल, तर ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरातली 'एन/३' ही मालिका मुंबई इलाख्याची आहे: इथले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. त्यातल्या बऱ्याच नोंदींची सूची 'फिबिस' या संस्थेच्या साइटवर फुकट शोधता येते. शोधताना नाव दोन-तीन स्पेलिंगने टाका, कारकून कानाला येईल तसं लिहायचे.