चुंबकीय बल कार्य करत नाही, मग मोटर फिरवतं कोण?

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय की चुंबकीय बल कायम वेगाला काटकोनात असतं म्हणून ते चार्जवर कार्य करत नाही, म्हणजे त्याला ऊर्जा देत नाही. आणि पुढच्याच धड्यात करंट वाहणाऱ्या तारेवर बल लागतं आणि त्यावर मोटर चालते. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

उत्तर : दोन्ही खरंय, आणि हा प्रश्न पडला म्हणजे तुम्ही धडा नीट वाचलाय. घोळ कुठे होतो तर आपण तार जागच्या जागी धरून बल काढतो. आता ती सरकू द्या. आतला चार्ज तारेच्या लांबीने वाहतोच (तेही भलतंच हळू, घरातल्या तारेत साधारण सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी), पण तारेबरोबर तो आडवाही चाललाय, म्हणजे त्याचा खरा वेग तिरपा झाला, आणि बल त्या तिरप्या वेगाला काटकोनात, म्हणून बलही तिरपं. त्याचे दोन भाग करा. एक तारेला आडवं ढकलतो, दुसरा चार्जला उलटा मागे रेटतो. पहिल्याचं कार्य जेवढं धन तेवढंच दुसऱ्याचं ऋण, बेरीज शून्य! त्या मागे रेटण्याला न जुमानता करंट चालू ठेवते ती बॅटरी. ऊर्जा तिची, चुंबकीय क्षेत्र ती फक्त वळवून तारेकडे देतं.

आकडे घालूनच बघा ना. क्षेत्र 0.5 टेस्ला, तार 10 सेंमी, करंट 2 अँपिअर, सगळं एकमेकांना काटकोनात, तर बल 0.1 न्यूटन. तार सेकंदाला 3 मीटरने सरकली तर मिळणारी शक्ती 0.3 वॅट. आता मागे रेटणारा व्होल्टेज काढा, 0.5 गुणिले 0.1 गुणिले 3 म्हणजे 0.15 व्होल्ट, त्याला 2 अँपिअरने गुणा, परत 0.3 वॅट. मला हा हिशोब फार आवडतो, काहीच हरवत नाही.

या उलट्या व्होल्टेजला बॅक ईएमएफ म्हणतात. मोटर अडकली की तो शून्य होतो, मग करंटला अडवायला फक्त कॉइलचा (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स उरतो, करंट खूप वाढतो आणि कॉइल तापते, जळायचा वास येतो तो यामुळेच. खेळण्यातल्या छोट्या मोटरला अँमीटर लावा आणि फिरता दांडा बोटांनी हळूच दाबा, काटा वर चढताना दिसेल.