पेटी येते, मग पियानो सोपा जाईल का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी चार-पाच वर्षं पेटी शिकलात, आता ४२व्या वर्षी पियानो शिकायचाय. तो सोपा जाईल का, वाद्य कोणतं घ्यावं, शिक्षक लागेल का आणि पेटी विकून टाकावी का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मीही पेटीवरूनच पियानोकडे गेले, ४४व्या वर्षी. सहा वर्षं झाली. उजवा हात तुम्हाला सोपा जाईल, डावा रडवेल.

पहिल्या तासाला मी ऐटीत बसले आणि उजव्या हाताने सारेगमप वाजवून दाखवलं. मिस म्हणाल्या, "छान. पण तुम्ही डाव्या हाताने काय करताय?" खाली बघितलं तर डावा हात मांडीवर होता आणि खांदा मात्र तालात मागेपुढे होत होता. मी चक्क भाता मारत होते! इतकी वर्षं त्या हाताने दुसरं काही केलंच नव्हतं. पियानोवर त्याला स्वतःच्या ओळी असतात, त्यातली बोटं वेगळी, लय कधीकधी वेगळी. म्हणजे तुमच्या एका हाताला अनुभव आहे आणि दुसरा बालवाडीत आहे. उजवा पुढे पळतो, डाव्याची वाट बघत नाही. यावर एकच इलाज मला लागू पडला: आधी डावा एकटा, निम्म्या लयीत, कंटाळा येईपर्यंत. मग दोन्ही हात, पण एका वेळी दोनच मात्रा. मेट्रोनोम (टकटक करून लय धरून देणारं यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर लावा आणि लाज बाळगू नका.

दुसरा घोळ दाबण्याचा. पेटीत भात्यात हवा आहे आणि पट्टी दाबलेली आहे तोवर सूर टिकतो, तुम्ही पट्टी हळू दाबा की जोरात. पियानोत आतली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. सूर मोठा येणार की लहान, हे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर ठरतं, आणि उमटल्या क्षणापासून तो विरायला लागतो. हे कळत असूनही मी लांब सुरावर बोट रुतवून बसायची, जणू दाबून ठेवला तर टिकेल. मिस मनगटाखाली पेन्सिल धरायच्या. मनगट खाली बसलं की पेन्सिल टोचायची.

पट्ट्यांच्या नावांचा मात्र आपल्याला फायदा होतो. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, असं सरळ जातं. पुस्तकात एखाद्या तुकड्याच्या सुरुवातीला एकच शार्प (सूर लगेच पुढच्या पट्टीवर नेणारं # चिन्ह) काढलेला दिसतो तेव्हा इतर नवशिके गोंधळतात. तुम्ही पांढरी पाचला सा धरा आणि बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध स्वर वाजवा, शुद्ध नी आपोआप काळी तीनवर येईल. तो शार्प म्हणजे हीच काळी तीन. एवढं उमगल्यावर त्या चिन्हांची माझी भीती गेली. पण एक सवय मोडावी लागेल. आपला सा हलतो, नोटेशनमधला सी हलत नाही. वाचताना मनात सारेगम म्हणू लागलात तर सा बदलला की अडखळाल. वरच्या पाच रेघा आणि खालच्या पाच रेघा यांच्या मधोमध, स्वतःच्या छोट्या रेघेवर बसलेला मधला सी आधी पक्का करा आणि तिथून मोजत वर-खाली जा.

बोटांनाही आकडे असतात. दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५. पांढऱ्या एकपासूनचं सप्तक उजव्या हाताने चढताना १-२-३, मग अंगठा खालून सरकवून १-२-३-४-५. पेटीवर मी वाटेल ते बोट वाजवायची. इथे ते चालत नाही, कारण वेग वाढला की बोटं संपतात.

वाद्याचं म्हणाल तर खरा पियानो घेऊ नका. उभ्या पियानोचंसुद्धा वजन साधारण २०० किलोच्या घरात असतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हातोड्यांवरचं फेल्ट (दाबलेली लोकर) फुगतं, तारा गंजतात, सूर उतरतात. मिसच्या पियानोत जूनपासून एक पिवळा बल्ब पेटलेला असतो, आत ऊब राहावी म्हणून. डिजिटल पियानो घ्या, पण ८८ पट्ट्यांचा आणि 'वेटेड' (खऱ्या पियानोसारख्या जड) पट्ट्यांचाच. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर बोटांत जोर येत नाही आणि वर्षभरात तो विकावा लागतो (मी विकला). मी घेतला तेव्हा चांगला सुरुवातीचा डिजिटल ४० हजारांच्या आसपास होता. मुंबईत असाल तर धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन पट्ट्या स्वतः दाबून बघा, ऑनलाइन फोटो बघून घेऊ नका. हेडफोन लावून रात्री अकराला वाजवता येतं, पण पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर जाते. आमच्या खालच्या काकूंनी विचारलं होतं, रोज रात्री मसाला कुटता का? स्टँडखाली जाड रबरी मॅट घातली.

शिक्षक लागतो, निदान पहिलं वर्षभर. सूर चुकला तर तुम्हालाच ऐकू येईल, मनगट आणि खांदा चुकला तर दिसणार नाही. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळांच्या परीक्षा आठव्या ग्रेडपर्यंत असतात, वयाची वरची अट नाही. मी पहिल्या ग्रेडला बसले तेव्हा बाहेर बाकावर सगळी आठ-नऊ वर्षांची मुलं होती. त्यातल्या एकीने विचारलं, "आँटी, तुमचं बाळ आत गेलंय का?"

रोज २० मिनिटं जमवा. रविवारी एकदम दोन तास बसलात तर सोमवारी फक्त पाठ दुखते.

आणि पेटी विकू नका. गणपतीत आरतीला पियानो कोण उचलून नेणार?