क्वेस्ट २ (डोक्यावर लावायचा व्हीआर हेडसेट) वर गेम खेळताना १० मिनिटांत गाडी लागल्यासारखं मळमळतं, काय करू?

आधी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोलरच्या स्टिकने चालणं बंद करा आणि टेलिपोर्ट (न चालता थेट दुसऱ्या जागी उडी) लावा, वळायला स्नॅप टर्न (सलग न फिरता झटक्यात ठरावीक कोनात वळणं) ठेवा, बराचसा त्रास तिथेच कमी होतो. कारण डोळ्यांना दिसतं आपण पळतोय पण आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की अरे हा तर जागेवरच उभाय, आणि मेंदूचा गोंधळ उडतो (घाटात मोबाइल बघत बसलं की नेमकं याच्या उलट होतं, शरीर हलतं आणि डोळ्यांना काही हललेलं दिसत नाही). म्हणूनच बीट सेबरसारखा एका जागी उभं राहून खेळायचा गेम बहुतेकांना झेपतो आणि रोलर कोस्टर झेपत नाही. अजून थोडं:

- लेन्समधलं अंतर तपासा. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिमी अशा तीनच खाचा आहेत, तुमच्या बुबुळांमधलं अंतर चष्म्याच्या दुकानात मोजून मिळतं.
- समोर टेबल फॅन लावा, गार वाटतं आणि आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही कळत राहतं.
- व्हिन्येट नावाचं सेटिंग असेल तर चालू ठेवा, गेममध्ये हलताना चित्राच्या कडा काळ्या होतात, दिसायला बोअर आहे पण उपयोगी.

जरा घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं की हेडसेट लगेच काढा, सवय होईल म्हणून रेटत बसू नका, त्याने उलट वाढतं, रोज ५-१० मिनिटं करत हळूहळू वाढवा. फक्त एक, हेडसेटमध्ये नुसतं बसून पिक्चर बघतानाही डोकं दुखत असेल तर भानगड बहुतेक नंबरची किंवा लेन्सची आहे, तिथे लेन्सचं अंतर सोडून बाकीचे उपाय चालणार नाहीत, डोळे तपासून घ्या.