वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ती माणसाने मत कसे ठरवावे?

इंदूर, महू आणि राऊ भागातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांकडून आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: श्रद्धेचा आणि मताचा संबंध. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. कोणाला मत द्यावे हे सांगणे या सदराचे काम नाही. आमच्या मते ते उपदेशाच्या व्यासपीठाचेही नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मतदानाच्या आधीच्या रविवारी आमच्या पाळकांनी उपदेश संपवताना एका उमेदवाराचे नाव घेतले आणि दुसऱ्याला मत देणाऱ्याला देवापुढे जाब द्यावा लागेल असे सांगितले. मंडळीतले वडीलधारे गप्प बसले. हे योग्य आहे का?

नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 123(2) मध्ये मतदाराला देवाच्या कोपाची किंवा धार्मिक निषेधाची भीती घालणे हा ‘अनुचित प्रभाव’ मानला आहे, तर कलम 123(3) धर्माच्या नावावर मत मागायला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की ही मनाई उमेदवाराच्या धर्मापुरती नाही, मतदाराच्या धर्मालाही लागू आहे. उमेदवाराच्या संमतीने असे आवाहन झाल्याचे सिद्ध झाले, तर त्याची निवड रद्द होऊ शकते. म्हणजे पाळकांनी ज्याला मदत करायची म्हटले, त्याचेच नुकसान व्हायचे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 171 नुसार हा फौजदारी गुन्हाही आहे. शिवाय धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा 1988 चा कायदा प्रार्थनास्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरू देत नाही. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मग व्यासपीठावरून काय चालते? मतदानाला जा असे सांगणे चालते. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणे तर 1 तीमथ्य 2:1-2 प्रमाणे कर्तव्यच आहे, फक्त त्यात एकाच पक्षाचे नाव येऊ नये. लाच, द्वेष, गरिबांवरचा अन्याय यांवर बोलणे चालते, कारण संदेष्ट्यांनी तेच केले. नाव, चिन्ह आणि शाप ही तीन मात्र चालत नाहीत. कॅथोलिक वाचकांसाठी: चर्चच्या विधिसंहितेतले नियम 285 आणि 287 धर्मगुरूंना सत्तेचे पद घेण्यापासून आणि पक्षकार्यात सक्रिय होण्यापासून रोखतात.

तक्रार कशी करायची याचा क्रम मत्तय 18:15-17 मध्ये दिलेला आहे. आधी पाळकांना एकांतात भेटा आणि वरची कलमे त्यांना नम्रपणे दाखवा. बऱ्याच पाळकांना ती माहीतच नसतात. ऐकले नाही तर एक-दोन जणांना सोबत घ्या, त्यानंतर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीकडे जा. कोणी न बोलता पुढच्या रविवारी देवळात जाणेच सोडणे हा सर्वांत वाईट मार्ग, आणि लोक बहुधा तोच धरतात.

आम्ही दोघे नोकरी करतो. बायबल वाचतो, प्रार्थना करतो, पण यंत्रासमोर उभे राहिल्यावर शेवटी घरचे म्हणतात तेच बटण दाबतो. नीट विचार करून ठरवायचे तर नेमके काय करायचे?

दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. तेवढ्यात होते.

पहिल्या संध्याकाळी निर्गम 18:21 उघडा. मोशे एकटाच सगळ्यांचे निवाडे करून थकत होता, तेव्हा त्याचे सासरे इथ्रो यांनी माणसे निवडायच्या चार कसोट्या सांगितल्या: माणूस कर्तबगार असावा, देवाचे भय बाळगणारा असावा, खरा असावा आणि हरामाच्या पैशाचा तिटकारा करणारा असावा. यांतली देवाचे भय ही कसोटी बाहेरून मोजता येत नाही, म्हणूनच प्रचारात तिचे प्रदर्शन सर्वांत जास्त होते. उरलेल्या तिन्हींचा माग मात्र कागदावर काढता येतो, आणि आपण तिथेच आळस करतो.

तो कागद म्हणजे फॉर्म 26, उमेदवाराचे शपथपत्र. लोकसभा आणि विधानसभेसाठी ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युअर कँडिडेट’ या ॲपवर मिळते. त्यात खटले, पाच वर्षांचे आयकर-उत्पन्न, पती-पत्नीची मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी आणि शिक्षण असते. सगळे वाचत बसू नका. आधी खटल्यांचा तक्ता पाहा: कलम कोणते, न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत की नाही, शिक्षा झाली आहे का. प्रलंबित खटला म्हणजे दोष नव्हे. आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा किंवा मारहाणीचा गुन्हा एका तागडीत घालू नये. 1 जुलै 2024 पासून कलमांचे आकडे बदलले आहेत हेही ध्यानात ठेवा. जुन्या खटल्यात फसवणुकीसाठी 420 दिसेल, नव्यात 318(4). आकडा ओळखीचा नाही म्हणून गुन्हा किरकोळ समजण्याची चूक होते.

मग मालमत्ता. उमेदवार आधी लढलेला असेल तर मागचे शपथपत्रही उघडा आणि दोन आकडे शेजारी लिहा. जमिनीचे भाव वाढल्याने आकडा फुगू शकतो, तेव्हा नुसती बेरीज पाहू नका. नवे काय विकत घेतले ते पाहा आणि ते जाहीर केलेल्या उत्पन्नात बसते का ते ताडा. कर्तबगारीसाठी आधीचे काम बघा. खासदाराची उपस्थिती आणि त्याने विचारलेले प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर असतात.

दुसऱ्या संध्याकाळी तुम्हाला महत्त्वाचे वाटणारे दहा प्रश्न कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे तो कोणाच्या हातात आहे ते लिहा. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. कब्रस्तानाकडे जाणारा रस्ता, गटार, कचरा, नर्मदेच्या पाण्याची वेळ हे नगर निगमाचे, म्हणजे पार्षद (नगरसेवक) आणि महापौरांचे काम. इंदुरात 85 वॉर्ड आहेत, आपला कोणता ते आधी पाहा. धर्मांतराविषयीचा कायदा विधानसभेचा. मध्य प्रदेशात 1968 चा कायदा जाऊन 2021 चा आला. त्यात धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना 60 दिवस आधी कळवण्याची अट आहे. तुमचे त्यावर जे काही मत असेल, ते विधानसभेच्या उमेदवाराला विचारा. पार्षदाला विचारून उपयोग नाही. दलित ख्रिस्ती बांधवांच्या अनुसूचित जातीच्या दर्जाचा प्रश्न 1950 च्या राष्ट्रपती आदेशाशी बांधलेला आहे, म्हणून तो दिल्लीचा. इंदूर लोकसभा मतदारसंघात विधानसभेच्या आठ जागा येतात आणि महू त्यात नाही, ते धार लोकसभेत आहे. महूच्या वाचकांनी इंदूरच्या उमेदवारांवर घरात वाद घालून वेळ दवडू नये.

आता त्या दहांतले किती प्रश्न फक्त आपल्या घराचे आणि आपल्या समाजाचे आहेत ते मोजा. आठ-नऊ भरले तर कागद पुन्हा लिहावा लागेल. यिर्मयाने बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना पत्र लिहिले (29:7), ते ज्या नगरात तुम्ही राहता त्या नगराचे हित पाहा, असे. तिथे त्यांचे मंदिर नव्हते, भाषा परकी होती, तरी नगर त्यांचे होते. नीतिसूत्रे 31:8-9 मुक्यांसाठी तोंड उघडायला सांगते. मजुरी, सरकारी दवाखान्यातली औषधे, मुलींची शाळा, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यावरचा अन्याय हे आपल्या कागदावर यायला हवेत. हे वाक्य आम्ही तळमळीने लिहितो आहोत: ख्रिस्ती मत जर फक्त ख्रिस्त्यांसाठी पडत असेल, तर ते ख्रिस्ताच्या शिकवणीतून आलेले नाही.

नेहमीची एक चूक म्हणजे एकच वचन उचलणे. सत्तेवर असलेल्यांच्या बाजूचा माणूस रोमकरांस 13 (अधिकाऱ्यांच्या अधीन राहा) दाखवतो, विरोधातला प्रेषितांची कृत्ये 5:29 (माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी). दोन्ही आपल्याच बायबलात आहेत, एकत्र वाचा. परक्या देशाचे निकष उसने घेणे ही दुसरी चूक. अमेरिकेतले व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि गर्भपात हा मतदानाचा एकमेव प्रश्न असल्याचे सांगतात. जन्माला न आलेल्या जिवाची किंमत कमी नाही. पण आपल्याकडे 1971 चा कायदा आणि 2021 ची त्यातली दुरुस्ती यांवर प्रमुख पक्ष एकमेकांविरुद्ध उभे नाहीत, त्यामुळे त्या एका प्रश्नावर इथले उमेदवार वेगळे काढता येत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये जन्माला आलेल्या गरिबांचे प्राणही तितकेच पवित्र असल्याचे लिहिले, तेही विसरू नये.

एवढे करून दोन उमेदवार सारखेच वाटले, तर घरच्यांचा सल्ला जरूर घ्या. नवऱ्याचे आणि बायकोचे मत वेगळे पडले तरी त्यात पाप नाही.

उमेदवार आपल्या धर्माचा असेल तर त्यालाच मत द्यावे ना?

तेवढ्याच कारणावर नाही. यशया 45 मध्ये देव कोरेश राजाला आपला अभिषिक्त म्हणतो, आणि कोरेश त्याला ओळखतही नव्हता, हे तिथेच लिहिले आहे. याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय तोंड पाहून पक्षपात करू नका म्हणतो. आपल्या देशाचा इतिहासही जाणून घ्या. 1935 च्या कायद्याने भारतीय ख्रिस्त्यांना वेगळे मतदारसंघ दिले होते. पुढे संविधान सभेत तिचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी, जे स्वतः ख्रिस्ती होते, यांनी धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा आग्रह धरला आणि 1949 मध्ये त्या गेल्या. आपल्या प्रतिनिधीला सगळ्यांनी निवडावे, आणि आपणही सगळ्यांतून निवडावे, असा तो विचार होता. धर्म हे कारण नसावे, तसा अडथळाही नसावा. ख्रिस्ती उमेदवार चार कसोट्यांना उतरत असेल तर संकोच कशाला?

2024 मध्ये आमच्या ओळखीतल्या अनेकांनी ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) हे बटण दाबले. ख्रिस्ती माणसाला हा मार्ग मोकळा आहे का?

मोकळा आहे, पण त्याने काय होते आणि काय होत नाही हे कळून दाबा. त्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या इंदूरच्या उमेदवाराने 29 एप्रिलला अर्ज मागे घेतला आणि 13 मेच्या मतदानात इंदुरात नोटाला 2,18,674 मते पडली. तोवर देशात कुठेही नोटाला इतकी मते पडली नव्हती. तरी निकाल बदलला नाही. लोकसभेच्या नियमांत नोटा पहिल्या क्रमांकावर आला, तरी उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते तोच निवडून येतो. अनामत रकमेसाठी वैध मतांचा सहावा हिस्सा मोजतानाही नोटा धरत नाहीत.

म्हणजे नोटा ही नोंदवलेली साक्ष आहे. सदसद्विवेकाला एकही उमेदवार पटत नसेल तर ती द्यावी. पण कंटाळ्याला साक्ष म्हणू नये. शास्ते 9 मध्ये झाडे राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल तिघेही नकार देतात, मग काटेरी झुडूप सिंहासनावर बसते आणि आगीची धमकी देते. चांगल्या झाडांना नकाराची कारणेही चांगलीच होती, तेल, गोड फळ, द्राक्षारस. तरी राज्य गेले ते काट्यांकडे. मंडळीतली कर्तबगार माणसे वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहत नाहीत, तेव्हा आम्हाला हीच गोष्ट आठवते.

आमच्या वस्तीत मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे वाटतात. घ्यायचे आणि मत मात्र मनाप्रमाणे द्यायचे, असे केले तर?

घेऊ नका. निर्गम 23:8 म्हणते, लाच डोळस माणसाला आंधळे करते. कायद्यात देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. व्यवहारातली अडचण आणखी वेगळी. ज्याचे खाल्ले त्याला जागायचे हा आपल्याकडचा संस्कार खोल आहे, आणि पाकीट वाटणारा त्याच्याच भरवशावर येतो. घेतले गेले असेल तर परत करा, आणि परत करणे धोक्याचे वाटत असेल तर निदान त्या पैशाला वचन समजू नका. चुकीच्या वचनाला बांधील राहणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे.

‘कोणाला दिले ते आम्हाला कळते’ ही धमकी खोटी आहे. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते, हाती येत नाही. मत कोणाला दिले हे सांगायला तुम्हाला कोणी भाग पाडू शकत नाही. आचारसंहिता लागू असताना निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ टाकता येतो. नाव न देताही तक्रार होते, आणि 100 मिनिटांत तिचा निकाल लावण्याचे बंधन आहे. फोटो जागेवरूनच काढावा लागतो, कारण ॲप ठिकाण नोंदवते. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही.

माझ्या सासूबाई म्हणतात, प्रभूचे राज्य या जगाचे नाही, तर मतदान कशाला? त्यांना काय सांगू?

त्यांच्याशी वाद घालू नका. योहान 18:36 त्या बरोबरच सांगत आहेत. यहोवाचे साक्षीदार याच भूमिकेतून मत देत नाहीत. आपल्या कायद्यात मत न देण्याचा हक्कही मान्य आहे. पण त्याच प्रभूने कैसराचे ते कैसराला द्यायला सांगितले, आणि लोकशाहीत कैसराची गादी भरण्याचे काम आपल्यावरच येते. कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (परिच्छेद 2240) कर भरणे आणि मतदान करणे एकाच वाक्यात कर्तव्य म्हणून येतात. सासूबाईंना केंद्रापर्यंत सोबत न्या. आत त्यांनी काय करायचे ते त्यांचे त्या ठरवतील.

भाड्याचे घर बदलून आम्ही राऊला आलो. मतदार यादीत नाव जुन्याच पत्त्यावर आहे, आणि पत्नीचे ‘मेरी’ हे नाव चुकीचे छापले आहे. मतदान करता येईल?

पत्ता बदलण्यासाठी आणि नावाच्या दुरुस्तीसाठी फॉर्म 8 लागतो. फॉर्म 6 नव्या मतदारासाठी असतो, तो पुन्हा भरला तर एकाच माणसाचे नाव दोनदा चढते आणि पुढे त्रास होतो. ऑनलाइन जमत नसेल तर भागाच्या बीएलओला (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) गाठा, किंवा 1950 या मतदार मदत क्रमांकावर फोन करा. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत बदल होत नाहीत, तेव्हा घोषणेची वाट पाहू नका. अक्षरांची किरकोळ चूक असेल आणि ओळख पटत असेल तर पत्नीला मत नाकारता येत नाही. फोटो असलेले ओळखपत्र सोबत ठेवा. नगर निगमाची यादी राज्य निर्वाचन आयोग वॉर्डनिहाय काढतो, ती वेगळी तपासावी लागते. विधानसभेला मत दिले म्हणून निगमाच्या यादीत नाव असेलच असे नाही.