खडीवर पाणी साचतंय, दोष झाडांचा नाही

प्रश्न : आमची वस्ती छोटी, अडीचशे माणसांची. सगळ्या घरांचं सांडपाणी एका मोठ्या सेप्टिक टँकमध्ये येतं आणि तिथून खडीच्या वाफ्यात जातं, वाफ्यात कर्दळ लावलीय. चार वर्षं मस्त चाललं, पाणी नितळ यायचं. आता दोन महिने झाले, वाफ्याच्या सुरुवातीलाच पाणी वर दिसतंय, वास येतोय, डास झालेत. काहीजण म्हणतात ही झाडंबिडं काढून टाका, ब्लोअरवालं मशीन बसवा. काय करावं?

उत्तर : मशीनची घाई नको. टँक शेवटचा कधी उपसला? तुमच्या प्रश्नात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून विचारतोय, आणि माझा अंदाज असा की चार वर्षांत एकदाही उपसलेला नाही.

सेप्टिक टँकचं काम काय, तर जड गाळ तळाला बसू द्यायचा, तेल-साबणाची साय वर तरंगू द्यायची आणि मधलं पाणी पुढे सोडायचं. गाळ थोडाफार कुजून कमी होतो पण सगळा नाही, उरलेला साठत जातो आणि मग पाण्याला थांबायला जागाच राहत नाही, आलं तसं पुढे पळतं आणि गाळही सोबत नेतं. तो जाऊन बसतो खडीच्या फटीत, तोही पहिल्या एक-दोन मीटरमध्येच. म्हणून तुमचं पाणी सुरुवातीलाच वर आलंय. एरवी वाफ्यातलं पाणी खडीच्या वरच्या पातळीपासून ५ ते १० सेंटीमीटर खाली राहायला पाहिजे, मग डासांना अंडी घालायला उघडं पाणीच मिळत नाही.

खात्री करायची तर एक लांब काठी घ्या, खालच्या मीटरभर भागाला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळून बांधा, पाणी बाहेर पडतं त्या बाजूच्या झाकणातून हळूच तळाला टेकवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि सरळ वर काढा. टॉवेल जिथपर्यंत काळाकुट्ट, तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून टँकमधल्या पाण्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेली असेल तर लगेच पंपाच्या टँकरने उपसून घ्या. झाकण उघडल्यावर वाकून बघू नका, विडी-सिगारेट लांब ठेवा आणि आत कोणीही उतरायचं नाही, कमरेला दोरी बांधूनही नाही. वास येत नाही म्हणजे गॅस नाही, असं बरेचजण समजतात, पण टँकमधला विषारी गॅस, हायड्रोजन सल्फाइड, जास्त झाला की नाकाला वास कळणंच बंद होतं.

टँक उपसून झाला की वाफ्याच्या तोंडाची तुंबलेली खडी काढून धुवा, ते धुतलेलं पाणी नाल्यात न सोडता परत टँकमध्येच टाका. कर्दळीचे कंद बाजूला ठेवून पुन्हा लावले तरी फुटतात, ती चिवट आहे.

आता मशीन. सांडपाण्यात हवा फुंकून घाण खाणारे जिवाणू वाढवायची ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये पुढे आली आणि शहरांमध्ये ती उत्तम चालते. पण ब्लोअर बंद पडला की जिवाणू गुदमरतात, म्हणजे वीज चोवीस तास हवी, रोज बघणारा माणूस हवा, आणि त्यातूनही गाळ निघतोच, उलट जास्त आणि सारखा निघतो. टँक उपसायला चार वर्षांत मुहूर्त लागला नाही (राग मानू नका), तिथे हे रोजचं काम कोणाच्या गळ्यात घालणार? उष्ण हवेत वाफ्याला माणशी एक-दोन चौरस मीटर जागा पुरते. तुमचा वाफा साधारण तेवढा असेल तर आहे तोच दुरुस्त करा, आणि उपशाची तारीख ठरवून टाका, दर दोन-तीन वर्षांनी.

प्रश्न : वाफ्यातून निघणारं पाणी भाजीला चालेल का? दिसायला तर स्वच्छ असतं.

उत्तर : दिसायला स्वच्छ असलं तरी पोटाच्या रोगाचे जंतू त्यात बरेच शिल्लक असतात. फळझाडांच्या बुंध्याशी सोडा, पानांवर फवारू नका. कोथिंबीर, गाजर, मुळा, जे कच्चं खाल्लं जातं त्याला अजिबात नको.